नळी मुठीत धरून

झटके येणारी पहिलटकरीण मंठ्याकडून किंवा घनसावंगीकडून १०८ च्या रुग्णवाहिकेत घालून जालन्याला आणतात, तेव्हा बरोबरच्या सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, "मॅडम, आधी सिझर करा." त्यांचं चुकत नाही. गरोदरपणात बीपी चढून झटके येण्याच्या या आजाराचा शेवट प्रसूतीनेच होतो. पण झटके चालू आहेत, बीपी १८०/१२० आहे, अशा बाईच्या पोटाला सुरी लावायची नसते. नव्या डॉक्टरला टाके घालायला मी महिन्यात शिकवते. हात आवरायला शिकवताना मात्र घाम फुटतो.

बाईला कुशीवर घ्यायचं, तोंडातला फेस ओढायचा, ऑक्सिजन लावायचा. मग मॅग्नेशियम सल्फेट: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा हेच सरस, हे १९९५च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवलं. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाईंनी तर आपल्याकडच्या बारीक अंगकाठीच्या बायकांसाठी कमी डोसाची पद्धत बसवली. औषध स्वस्त आहे, राखण करणारी सिस्टर मात्र हुशार लागते. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास किती, लघवी किती, हे तिनेच बघायचं. औषध जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी ठेवायचं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवायचं झालं तरी पहिला डोस दिल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. साठेक किलोमीटरचा रस्ता आहे.

रक्त नीट साकळतंय का, याचा लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत मी साध्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन ती मुठीत धरते. ४ मिनिटांनी तिरपी करून बघायची, मग दर मिनिटाला. ७ मिनिटांतही रक्त साकळलं नाही, तर पाठीतली भूल विसरायची आणि नातेवाइकांना रक्तपेढीकडे पिटाळायचं. सासूला वाटतं, मॅडम नुसत्याच उभ्या आहेत! बाई गुंगीत असेल तर पूर्ण भूल द्यावी लागते. घशाला सूज असते, श्वासाची नळी घालताना बीपी उसळून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आमचे भूलतज्ज्ञ लॅबेटालॉलने बीपी उतरवल्याशिवाय नळीला हात लावत नाहीत, आणि मी त्यांना घाई करत नाही.

सिझर मग नेहमीसारखंच. फक्त रक्तस्राव रोखायला मेथर्जिन द्यायचं नाही, त्याने बीपी चढतं, ऑक्सिटोसिनवर भागवायचं.

बाळ रडलं की बाहेर पेढे निघतात. पण झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो, म्हणून मॅग्नेशियम पुढे २४ तास चालूच राहतं. पेढा मी घेते आणि सांगते, "मावशी, सिस्टरला विचारल्याशिवाय हिच्या तोंडाला पाणीसुद्धा लावू नका. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाली, की लगेच हाक मारा."