सूर्यास्तापूर्वीचा जपान

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा पिढीजात व्यापार असलेल्या एका जैन कुटुंबात, दिवाळीचे वहीपूजन आणि ज्ञानपंचमी आटोपली की उन्हाळ्यातील प्रवासाचा विषय निघण्याची रीत आहे. या वेळी नातीने जपानचे नाव काढले. तिच्या वडिलांनी एका प्रवासी कंपनीचा कार्यक्रम मागवून घेतला. आठ दिवसांत सहा शहरे, सकाळी आठला बस, रात्री आठला भारतीय उपाहारगृहात जेवण. 'जैन भोजनाची सोय' असेही त्यावर ठळक छापलेले होते. आजींनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "तुम्ही सगळे जाऊन या," त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको."

आजींचा चौविहार गेली एकतीस वर्षे अखंड आहे. सूर्य मावळल्यानंतर त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. कांदा-लसूण वगळले म्हणजे जैन भोजन झाले, असे कार्यक्रम आखणाऱ्याने मानले होते. घड्याळाचा विचार त्याने केलाच नव्हता. आजींना मागे ठेवून जाणे घरात कुणालाच पटेना. तेव्हा नातीने तो कागद बाजूला ठेवला, एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर शहरांची नावे न लिहिता सूर्यास्ताच्या वेळा लिहून काढल्या.

जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे असते आणि त्या मानाने तेथील दिवस लवकर उगवतो, लवकर मावळतो. लाल-पिवळ्या पानांसाठी प्रवाशांची झुंबड उडते त्या नोव्हेंबरच्या अखेरीस क्योटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. डिसेंबरच्या आरंभी टोकियोत तर साडेचारलाच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, चेरीच्या बहरात, क्योटोचा सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे सरकलेला असतो. पण तेव्हा नातवाची परीक्षा, आणि हॉटेलांचे दरही चढलेले. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पाच तारखेपर्यंत जपानी लोकांच्या स्वतःच्या सलग सुट्ट्या असतात. त्या काळात गाड्या आणि मंदिरे दोन्ही भरून वाहतात. जूनमध्ये तेथे पावसाळा सुरू होतो. उरला मेचा मध्य. तेव्हा क्योटोत पावणेसात वाजून गेल्यावर सूर्यास्त होतो, हवा सुखद असते, शाळेला सुट्टी असते आणि चातुर्मासाचे नियम लागायलाही अवकाश असतो. टोकियोत त्या दिवसांत सूर्य साडेचारनंतर लगेच उगवतो. म्हणजे नवकारसीची ४८ मिनिटे साडेपाचच्या आतच पुरी होतात. हे ऐकून आजी प्रथमच त्या वहीकडे वळल्या.

दुसरे पान आहाराचे. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचे पाणी आहे आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे असते. भाजीचे सार, नूडल्स, चटणीवजा द्रव, अगदी वरून निव्वळ शाकाहारी दिसणारी वांग्याची भाजीसुद्धा त्यात शिजलेली असू शकते. 'मांस नको' असे सांगितल्यावर वाढणारा माणूस प्रामाणिकपणे होकार देतो, कारण माशाचा अर्क त्याच्या लेखी मांसात मोडत नाही. म्हणून प्रश्न नेमका विचारावा लागतो. नातीने जपानी लिपीत एक कार्ड तयार करवून घेण्याचे ठरवले : मांस, मासे, अंडी, माशाची दाशी, कांदा, लसूण आणि जमिनीखाली वाढणारे काहीही चालत नाही.

याच देशाला शाकाहाराची मोठी परंपराही आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी घातली होती. पुढे बौद्ध मठांत 'शोजिन र्योरी' नावाची पाकपद्धती विकसित झाली. तीत मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसणासारख्या पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य आहेत. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तांदूळ निवडणे आणि भाजी धुणे हीदेखील साधना आहे, अशी त्यामागची दृष्टी. जैन स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही ती परकी वाटू नये.

तरीही शोजिन भोजन म्हणजे जैन भोजन नव्हे, हे वहीत लाल शाईने लिहिले गेले. त्यात मुळा असतो, कमळाचा कंद असतो, रताळे असते. तिळाचा मऊसूत 'तोफू' घट्ट होतो तो कुझू नावाच्या वेलीच्या मुळातून काढलेल्या पिठाने. पारदर्शक दिसणारा 'कोन्याकू' हा कंदाचाच पदार्थ. माशाऐवजी वापरली जाणारी दाशी समुद्रातील शेवाळाची आणि अळंबीची. या दोन्ही गोष्टी कित्येक जैन घरांत निषिद्ध. मग निश्चिंत मनाने खाता येईल असे उरते ते साधा भात, सोयाबीनचा तोफू, सोयाच्या दुधावरील सायीची क्योटोची प्रसिद्ध 'युबा', भाजलेले तीळ, पालेभाज्या आणि फळे. जोडीला घरचे खाखरे, मेतकूट, कोरड्या चटण्या, आणि हॉटेलच्या खोलीतली पाणी तापवण्याची किटली. सूनबाईंनी हिशेब केला : दिवसातील मोठे जेवण दुपारी, दुसरे साडेपाचला.

या हिशेबाने प्रवासात अडथळा येईल, असे आधी वाटले होते. प्रत्यक्षात तो जपानच्या जुन्या दिनक्रमाशी जुळला. क्योटोतील बहुतेक मंदिरे साडेचार-पाचच्या सुमारास दरवाजे बंद करतात. उलट टोकियोच्या आसाकुसा भागातील सेन्सो-जी आणि क्योटोचे कियोमिझू-देरा पहाटे सहालाच उघडतात. रात्री आठला जेवून उशिरा उठणाऱ्या प्रवाशाला ही मंदिरे गर्दीतून दिसतात. पहाटे उठणाऱ्या आजींना ती शांतपणे पाहता येतील. अशा रीतीने सहा शहरांच्या जागी मुक्कामाची चार ठिकाणे ठरली : टोकियो, क्योटो, कोयासान आणि कोबे. एकूण अकरा रात्री. टोकियोत उतरायचे आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परतायचे, म्हणजे उलट फेरी वाचते.

टोकियोत तीन रात्री. सेन्सो-जीच्या दारातील छोट्या दुकानांची गल्ली, मेइजी देवालयाची झाडी, आणि एक ठिकाण खास मराठी माणसासाठी : त्सुकिजी होंगान-जी. वास्तुकार इतो चूता यांनी भारतातील प्राचीन बौद्ध वास्तू अभ्यासून हे मंदिर रचले आणि १९३४ मध्ये ते पूर्ण झाले. त्याची कमान पाहताना कार्ले-अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण हटकून होते. वडिलांनी स्वतःसाठी निहोनबाशी मागून घेतले. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी यांनी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया हे कापडाचे दुकान उघडले. उधारी आणि घासाघीस हाच व्यापाराचा रिवाज असताना त्यांनी रोख आणि एकच भाव ही पद्धत रूढ केली. आजचे मित्सुकोशी हे त्याच दुकानाचे वंशज.

टोकियोहून क्योटोला शिंकान्सेनने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. ही रेल्वे १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली; नातवाची सारी उत्सुकता तिच्यावरच आहे. येथे व्यापाऱ्याची नजर उपयोगी पडली. परदेशी प्रवाशांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांवर गेला. टोकियो-क्योटो एका बाजूचे भाडे सुमारे १४,००० येन, कोबेहून हिरोशिमाला जाऊन येण्याचे सुमारे २१,००० येन. आणि कोयासानची गाडी खासगी कंपनीची असल्याने पास तेथे चालतच नाही. बेरीज ३५,००० येनांच्या आसपास. सुटी तिकिटे काढण्याचे ठरले. मोठ्या बॅगा एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पोहोचवणारी सेवाही जपानभर मिळते. त्यामुळे आजींच्या हाती फक्त एक पिशवी.

क्योटोत चार रात्री. हे शहर ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षे राजधानी होते. पाहण्यासारखे इतके, की यादी कापणे हेच खरे काम. आराशियामाच्या तेन्र्यू-जी मठात दुपारी शोजिन भोजन मिळते. तेथे कार्डातील सूचना आधीच पाठवायच्या आणि नकार आला तर फक्त बाग पाहायची. र्योआन-जीच्या पांढऱ्या खडीच्या बागेत पंधरा दगड आहेत, आणि ओसरीवर कुठेही बसले तरी त्यांतील एखादा तरी दृष्टीआड राहतो. अनेकान्ताची प्रवचने ऐकत वाढलेल्यांना ही बाग वेगळी समजावून सांगावी लागू नये.

क्योटोतूनच दोन दिवस बाहेर काढायचे. एक ओमी-हाचिमानसाठी. बिवा सरोवराच्या काठच्या ओमी प्रांतातील व्यापारी खांद्यावर कावड घेऊन दूरदूर माल विकत, परमुलखांत पेढ्या काढत आणि घर मात्र मूळ गावी राखत. विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले, समाजाचे भले, अशा तीन शब्दांत त्यांच्या वृत्तीचे सार आज सांगितले जाते. मारवाडातून वा गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन निघालेल्या पूर्वजांच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, त्यांना कालव्याकाठच्या त्या जुन्या पेढ्या ओळखीच्या वाटतील. दुसरा दिवस नाराचा. तोदाय-जीतील पंधरा मीटर उंचीच्या कांस्य बुद्धमूर्तीची नेत्रोन्मीलनाची विधी ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाली. बाहेरच्या उद्यानात शेकडो हरणे माणसांत निर्भयपणे वावरतात. पिढ्यान्‌पिढ्या ती पवित्र मानली गेली आहेत.

कोयासानला एकच रात्र, पण सर्वांत महत्त्वाची. सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे मठांचे गाव आचार्य कूकाई यांनी ८१६ मध्ये वसवले. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून रेल्वे आणि शेवटी दोरखंडाने ओढली जाणारी गाडी. पन्नासांवर मठांत प्रवाशांची राहण्याची सोय आहे. तेथे रात्रीचे जेवण साडेपाच-सहालाच वाढले जाते आणि पहाटे प्रार्थनेला पाहुण्यांनाही बसता येते. नातीने हे वाचून दाखवले तेव्हा आजींनी विचारले, "म्हणजे तिथे सगळेच उजेडी जेवतात?" मेमध्ये तरी होय, असे उत्तर मिळाले. आजींच्या येण्याविषयी त्यानंतर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

डोंगर उतरल्यावर ओसाकात अर्धा दिवस थांबायचे, ते दोजिमासाठी. १७३० मध्ये शोगुनच्या सरकारने येथील तांदळाच्या बाजाराला अधिकृत मान्यता दिली. पुढील काळातल्या मालाचे सौदे करणारा हा जगातील पहिला संघटित वायदेबाजार मानला जातो. आज तेथे तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे स्मारक आहे. भुसार व्यापाऱ्याने ते न पाहता परतणे बरे दिसणार नाही, एवढेच वडील म्हणाले.

शेवटचा मुक्काम कोबे, तीन रात्री. १८६८ मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर अनेक भारतीय व्यापारी येथे आले. पुढे मोत्यांच्या व्यापारानिमित्त जैन कुटुंबेही स्थायिक झाली. कितानो भागातील चढावर त्यांनी भगवान महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे जिनालय उभारले. १९८५ पासून ते तेथे आहे. १९९५ च्या भूकंपात या शहरात आणि परिसरात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. सूनबाईंना कोबेत मोत्यांची माळ घ्यायची होती. आजींनी शिंपल्यातील जिवाची आठवण दिली. क्योटोचे रेशीमही त्याच कारणाने यादीतून गेले आणि हाती बनवलेला कागद, लाखेची भांडी, मातीचे पेले उरले. मग ज्या मोत्यांच्या कमाईवर तेथील समाज उभा राहिला, त्यांच्या जिनालयाचे काय, असे नातीने विचारले. "दर्शन देवाचे घ्यायचे," आजी म्हणाल्या. नातीचे पुरते समाधान झाले नाही, आणि आजींनीही आणखी काही सांगितले नाही.

कोबेहून एक दिवस हिरोशिमाचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला जे घडले त्याचा साक्षीदार असलेला घुमट तेथे भग्नावस्थेतच जपला आहे. नातू लहान आहे, त्याला संग्रहालयात न्यावे की नाही, यावर मतभेद झाले. अखेर बागेत सर्वांनी जायचे आणि संग्रहालयात मोठ्यांनीच, असे ठरले.

वहीचे शेवटचे पान सामानाचे. आजींनी पूजेची वस्त्रे, माळ आणि देवापुढे साथिया काढण्यासाठी तांदळाची छोटी पुरचुंडी बाजूला काढून ठेवली होती. कच्चे धान्य तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाही, हे नातीने वाचलेले होते. ते सांगताना तिला वाईट वाटले. आजींनी पुरचुंडी सोडून तांदूळ डब्यात परत ओतले. "तिथे तांदूळ मिळतो ना?" त्यांनी मुलाला विचारले. ज्या घरात तीन पिढ्या तांदळाची पारख करून पोट भरले, तेथे या प्रश्नाचे उत्तर लगेच आले : आपल्या तांदळापेक्षा आखूड आणि चिकट, पण दाणा स्वच्छ. "मग अक्षता तिथल्याच," आजी म्हणाल्या, आणि नातीने वहीत कोबेच्या पानावर पाव किलो तांदूळ लिहून घेतला.