डबलसीटचा हिशेब

२०२५ च्या पावसाळ्यात एका रात्री सोसायटीच्या फाटकाजवळचा गुलमोहर आडवा झाला, तो नेमका माझ्या गाडीवर. खाली माणूस कोणी नव्हतं, हे नशीब. गाडी म्हणजे २०११ ची पल्सर १८०. टाकी चेपली, हँडल वाकलं, चासीला मार बसला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि दोन दिवसांनी निरोप दिला, "टोटल लॉस करावं लागेल, काका."

टोटल लॉसचा नियम सोपा आहे. पॉलिसीवर गाडीची जी किंमत लिहिलेली असते (तिला आयडीव्ही म्हणतात), तिच्या पाऊणपटीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त झाला, की गाडी संपली असं धरतात. मग आर.सी. रद्द करून द्यायची, आयडीव्हीतून सक्तीचे शंभर रुपये वजा, आणि उरलेले आपले. चौदा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स काढतो म्हणून ऑफिसातली मंडळी मला हसायची. माझ्या हातात पंचवीस-सव्वीस हजार पडले. हसणाऱ्यांना चहा मीच पाजला.

असो. मुद्दा पुढचा आहे. दुसरी गाडी घ्यायची होती, आणि ती 'मधली' हवी होती. रोजचं ऑफिस कुठल्याही गाडीवर होतं. पण महिन्यातून दोनदा आम्ही दोघं वाईला जातो, आई-बाबांकडे. नव्वद-एक किलोमीटर, वाटेत खंबाटकी, येताना मागे बायको आणि तिच्या मांडीवर आईने दिलेली पिशवी. शंभर सीसीची गाडी घाटात जीव टाकते. आणि मोठ्या, फॅन्सी गाडीचं वय आणि बजेट दोन्ही निघून गेलेलं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, यावरून बजेट काय ते समजून घ्या.

आपल्याकडे गाडी घेताना लोक पहिल्यांदा विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मी शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारला, "इन्शुरन्स किती बसेल? आणि पाचव्या वर्षी किती बसेल?" सेल्समन पोरगा गोंधळला. पहिला आकडा त्याच्याकडे होता, दुसरा कोणी कधी विचारलाच नव्हता. मग मी घरी येऊन वही घेऊन बसलो.

विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्याने सक्तीचा. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं काही झालं तर. हा ऐच्छिक. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त सीसी बघतो. जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे: ७५ ते १५० सीसी, ७१४ रुपये. १५० ते ३५०, १,३६६ रुपये. ३५० च्या वर, २,८०४ रुपये. नव्या दुचाकीला मात्र पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून तसं झालं, कारण लोक पहिल्या वर्षानंतर विमा भरतच नव्हते. त्या पाच वर्षांचे याच दरपत्रकातले आकडे अनुक्रमे ३,८५१, ७,३६५ आणि १५,११७. वर १८ टक्के जीएसटी.

आता गंमत बघा. क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसी. होंडाच्या सीबी ३५० चं ३४८. ट्रायम्फ स्पीड ४०० चं ३९८. पन्नास सीसी जास्त, आणि पाच वर्षांच्या थर्ड पार्टीत जीएसटी धरून नऊ हजारांहून जास्त फरक! उलट बाजूने बघितलं तर युनिकॉर्न १६२ सीसीची, आणि तिला थर्ड पार्टी तेवढाच जेवढा बुलेटवाल्या क्लासिकला. यामाहाची एफझी मात्र १४९ सीसीत बसते, म्हणून निम्म्यावर सुटते. म्हणजे पट्ट्याच्या तळाशी बसणाऱ्याने पट्ट्याच्या डोक्यावर बसणाऱ्याइतकेच पैसे भरायचे. १६० ते २०० च्या ज्या गाड्या मी 'मध्यममार्ग' म्हणून बघत होतो, त्यांचा विम्याच्या या भागात काही फायदाच नव्हता. मधली गाडी हवी, तर हिशेबाने एकतर १४९ किंवा ३४९.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, इथे वय विचारतात, पिनकोड विचारतात, रात्री गाडी कुठे लावता ते विचारतात, आणि मग आकडा सांगतात." आपल्याकडे पंचवीस वर्षं सांभाळून चालवणारा मी आणि काल लायसन्स मिळालेला शेजारचा बंटी, दोघांचा थर्ड पार्टी एकच. अन्याय वाटला क्षणभर. मग वाटलं, बरंच आहे. परवडेल असा आणि सगळ्यांना सारखा असला, तरच सगळे भरण्याची काही आशा.

ओन डॅमेजचं गणित वेगळं. तो आयडीव्हीच्या टक्क्यांत असतो. जुन्या टॅरिफमध्ये पुणे, मुंबईसारख्या 'अ' विभागात नव्या गाडीला १५० सीसीपर्यंत १.७०८ टक्के, ३५० पर्यंत १.७९३, त्यावर १.८७९. २००७ पासून कंपन्यांना सूट द्यायची मोकळीक आहे, म्हणून कोटेशनमध्ये आकडे खाली येतात. पण मुद्दा असा, की इथे सीसीने फारसा फरक पडत नाही, किमतीने पडतो. आणि ही किंमत आपोआप उतरत जाते. सहा महिन्यांनंतर १५ टक्के घसारा, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, असं करत पाचव्या वर्षात ५० टक्के. म्हणजे ओन डॅमेज दर वर्षी हलका होतो, थर्ड पार्टी आहे तिथेच राहतो. विमा महाग की स्वस्त ते पहिल्या वर्षी बघायचं नसतं, सातव्या-आठव्या वर्षी बघायचं असतं.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्यांचा उपकर धरून ३१ होता तो ४० झाला. काही कंपन्यांनी मोठ्या गाड्यांवरची वाढ लगेच गिऱ्हाइकाच्या माथी मारली नाही. पण ३५० च्या आत किमती उतरल्या, आणि किंमत उतरली की आयडीव्ही उतरतो, आयडीव्ही उतरला की प्रीमियम उतरतो. थांबलो ते बरं झालं.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. क्लेम करताना प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते, 'झिरो डेप' घेतलं नसेल तर. त्यामुळे अंगभर प्लॅस्टिकचे पंख असलेली गाडी एकदा आडवी झाली, की खिशाला भोक. पत्र्याचे मडगार्ड असलेली गाडी या बाबतीत परवडते. पत्र्याला घसारा गाडीच्या वयाप्रमाणे लागतो, शिवाय ठोकून सरळही करता येतो.

आणि हो, 'नो क्लेम बोनस'. पाच वर्षं क्लेम न केल्यास ओन डॅमेजवर ५० टक्के सूट. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकून नवी घेतली तर तो बरोबर नेता येतो. मी क्लेम घेतल्यामुळे माझा शून्यावर आला. नव्या गाडीवर त्याचे दीड हजाराच्या आसपास वाचले असते. हातात आले पंचवीस हजारांवर. गणितात मी कच्चा असलो तरी इतका नाही.

इथवर सगळा रुपयांचा खेळ होता. खरी गोष्ट चौथ्या मजल्यावरच्या काकूंमुळे कळली होती. तीन वर्षांपूर्वी काका त्यांना डबलसीट घेऊन भाजी आणायला निघाले. कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला, काकू पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन, नर्स, वॉकर. काकांची पॉलिसी चालू होती, पण फक्त थर्ड पार्टी. कंपनीचं उत्तर आलं, की मागे बसणारी व्यक्ती त्यात येत नाही. काका महिनाभर म्हणत होते, "अरे, ती थर्ड पार्टी नाही तर कोण?"

मी तेव्हा शोधलं. २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलेलं आहे. कायद्याने सक्तीची जी किमान पॉलिसी, तिच्यात दुचाकीवर फुकट बसवलेला माणूस धरला जात नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण जिला फुल इन्शुरन्स म्हणतो तिच्यात, तो धरला जातो. रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी कायद्याने सोय केली आहे. ज्या माणसाने आपल्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटलेत, त्याची सोय आपण करायची.

त्या दिवसापासून माझ्या लेखी 'परवडणारी गाडी' या शब्दाचा अर्थ बदलला. जिचा फुल इन्शुरन्स मी आठव्या वर्षीही, फी भरायच्या महिन्यातसुद्धा, कुरकुर न करता भरीन, ती परवडणारी. मग सीसी कितीही असो.

या मापाने ४०० ची गाडी बाद झाली. चालवायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू? १४९ आणि ३४९ उरल्या. दोन्हींवर बायकोला मागे बसवून सिंहगड रोडला एकेक चक्कर मारली. १४९ वरून उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, ही तुमच्या एकट्याची गाडी आहे." सीट मागे उंच, तिला धरायला काही नाही. ३४९ वर ती काहीच बोलली नाही, आणि चक्कर जरा लांबवायला सांगितली. वजन मात्र एकशे ऐंशी किलोच्या पुढे. सोसायटीच्या उतारावर ढकलून बघितली, गुडघ्याने तक्रार केली, पण मानली.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. मुलीने विचारलं, "बाबा, ३५० का? १६० नाही चालली असती?" मी म्हटलं, थर्ड पार्टी दोन्हींना तोच होता, आणि घाट आईला बरोबर घेऊन चढायचा आहे.

एजंटने पॉलिसी हातात दिली. तिच्यात मागे बसणाऱ्यासाठी एक लाखाचं वैयक्तिक अपघात संरक्षण सांगून घातलं होतं. त्याचे ७० रुपये. दोघांच्या मिसळपावालाही यापेक्षा जास्त पडतात. एजंट म्हणाला, "साहेब, हे कोणी मागत नाही."

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी बाळगा. नव्या गाडीच्या पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख असते, पण ती थर्ड पार्टीची. ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. वर्षानंतर पोलिसांनी अडवलं तर कागद चालू दिसतो, दंड होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, की अर्धा विमा कधीच संपला आहे. नूतनीकरणाच्या वेळी मागच्या सीटचं काय, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. मी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावली आहे: 'सप्टेंबर, गाडीचा विमा, फुल.' खाली बायकोने तिच्या अक्षरात लिहिलंय, 'डबलसीटसकट.'