आज्ञा आणि सुख

गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंतांनी शास्त्राची आज्ञा झुगारणाऱ्याच्या वाट्यातून सिद्धीबरोबर सुखही वगळले आहे. बेळगावच्या घरी आमचे वडील ज्ञानेश्वरी वाचताना तेथे क्षणभर थांबत. आम्हांला तो पोकळ धाक वाटे.

पुढे मुख्याध्यापक झाल्यावर आम्ही भाच्यासाठी हजेरीपटावर काही दिवस वाढविले. कोणास कळले नाही. तो परीक्षेस बसला, उत्तीर्ण झाला, नोकरीस लागला. घरी पेढे आले. कसली आलीय शिक्षा! मात्र दर जूनमध्ये नव्या हजेरीपटावर सही करताना आमचा हात अडखळतो, आणि मुलांना खरे बोला म्हणून सांगताना आवाज.

परवा दसऱ्याला सोने देऊन भाचा पाया पडला. आम्ही आशीर्वाद दिला. त्याच्या नजरेला नजर भिडविता आली नाही.