उंबरा खाली, रस्ता वर

रस्ता येतोय म्हटलं की माणसं खूश होतात. आमच्या वस्तीत मात्र विहारासमोर बसून लोक दोन तास भांडले. सिमेंटचा रस्ता व्हायचाय. कागद तयार, टेंडर निघायचंय. रस्ता हवा की नको, हे भांडण नव्हतंच. चिखलात कुणाला राहायचंय? भांडण होतं खर्चाचं. कागदावर जो लिहिलेलाच नाही, त्या खर्चाचं.

आधी वस्ती सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा भुईसपाट झाला. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, मिळून सुमारे 8,000 माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. जागतिक बँकेचा पैसा आला. घरं वाटली ती जमीन मोजून. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंतचा, त्याला 250 चौरस फूट. 7 हेक्टरपर्यंत 400. त्याच्या वर 750. भूकंपानं वाडा आणि खोपट एका ढिगात घातलं होतं, सरकारनं सातबारा बघून परत वेगळं केलं. आमच्याकडं सातबारा कुठला? आमची सगळी गल्ली अडीचशेची.

अडीचशे फुटांत आजी, आई-बाप, दोन भाऊ, भावजया, पोरं. घर वाढणार कुठं? समोर. म्हणून दारादारापुढं न्हाणी उभी राहिली. पत्र्याची, पोत्याच्या पडद्याची. ठेकेदाराचा माणूस टेप घेऊन आला. म्हणाला, रस्ता सरळ पाहिजे, न्हाण्या काढा.

बैठकीत एक पोरगा बोलला, "काढा की. अतिक्रमणच हाय ते."

एक मावशी ताडकन उठली. "तू हापशावर आंघूळ करशील रं बाबा. तुझ्या बायकूनं कुठं करायची?"

सगळे गप. ह्या प्रश्नाला कुठल्याच एस्टिमेटात रकाना नाही.

मग आमच्यातल्याच एका गवंड्यानं काडीनं जमिनीवर रेघा ओढल्या. जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच काँक्रीट ओतायचं, हा आपल्याकडचा रिवाज. उकरायला मजुरी लागते, माती वाहायला ट्रॅक्टर लागतो. नाही उकरलं की ते पैसे वाचतात. कुणाचे, ते सांगायला नको. रस्ता सहा इंच वर आला की उंबरा सहा इंच खाली गेला. पाणी जात बघत नाही, ढाळ बघतं. पण ढाळ ठरवणारा माणूसच असतो.

म्हणजे पहिल्या पावसाला पाणी चुलीपर्यंत. मग जोतं उचला. सिमेंटची पोती, मुरूम, गवंडी, आणि चार दिवसांचा बुडालेला रोज. मी डाळमिलमध्ये पोती उचलतो. एक खाडा पडला तर घरात काय होतं ते मला ठाऊक आहे. गवंडी म्हणाला, "काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजत्यात. निदान पयले पंधरा दिवस तरी पानी मारावं लागतंय. उन्हाळ्यात काम काढलं तर पानी आनायचं कुठनं? आपल्या घागरीतनं?" लोक हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

आजी कोपऱ्यात बसली होती. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं सरकारी कामांवर गेली, त्यातली ती एक. खडी फोडून तिच्या हाताची रेषा गेली. ती एवढंच म्हणाली, "रस्तं आमीच केलं की रं. आमच्या दारापतूर तेवढं आलं न्हाईत."

तिच्या सासऱ्यानं गावचा रस्ता झाडला, सांगावे वाहिले, शिळ्या भाकरीवर. वतन म्हणत त्याला. ते वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. 1941 साली ह्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांच्या परिषदेला ते आले. वतन गेलं. पण गावाच्या कामात आमचा घाम अजून फुकटात धरतात.

शेवटी बैठकीत ठरलं. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, एस्टिमेटची नक्कल मागायची. ग्रामसभेत लेखी द्यायचं: आधी उकरा, मग ओता. दोन्ही बाजूंनी गटार. नळाचे पाइप काँक्रीटच्या आधी बदला. न्हाणीला जागा दाखवा, मगच पत्र्याला हात लावा. अंगठे झाले, सह्या झाल्या. त्या पोराचीही झाली.

ठेकेदाराचा माणूस आता सांगत फिरतोय, जास्त बोललात तर मार्चअखेरला निधी परत जाईल. जाऊ दे म्हणायची आमची ऐपत नाही. पण त्याला ग्रामसभेत एक विचारायचंय. निधी परत जातो हे कळलं. आमचा बुडालेला रोज कुठल्या मार्चअखेरला परत येतो?