वैशाखातला मरळ

भातसा जलाशयाच्या बाजूला राहणाऱ्या कसाऱ्याच्या माणसाला एवढे तरी ठाऊक असते की, वैशाखात मरळ धरायचा तो पहाटे. ऊन चढले की स्वारी काठच्या गवतात दडते. पण हवेचा घोट घ्यायला तिला वर यावेच लागते. बुडबुडा फुटला की गळाला लावलेली बेडकी तेथे अलगद सोडायची. ओढ लागली तरी घाई करू नये. आधी गिळू द्यावे, मग हिसका.

पण बुडबुडा फुटणार कोठे? ते माझ्या सोबतीच्या ठाकूर आजोबांनी सांगावे. "मास्तर, जरा डावीकडं टाका, तिथं आमची विहीर व्हती." कधी शेताचा बांध, कधी चिंचेचा बुंधा. मरळाला आडोसा लागतो आणि पाण्याखालचा प्रत्येक आडोसा आजोबांच्या ओळखीचा. गाव धरणात गेले, पाणी मुंबईला गेले. (शेजारच्या तानसाचे तर १८९२ पासून जाते आहे!) आजोबांच्या नव्या पाड्यावर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

वैशाखअखेर पाणी आणखी उतरते आणि त्यांच्या घराचा चौथरा हातभर पाण्याखाली दिसू लागतो. मरळाला याहून चांगली जागा नाही. तेथे गळ टाकताना मी त्यांना कधी पाहिलेले नाही.