मिहानचा पाहुणा

वाचकहो, प्रवासवर्णन म्हटले की हिमालयाची शिखरे, काश्मीरची सरोवरे, नाहीतर सातासमुद्रापलीकडचा एखादा देश डोळ्यांसमोर येतो. आज त्या दूरच्या देशांनाही आपण जाऊन येणार आहोत. पण निघायचे आहे ते नागपूरहून. सीताबर्डीवर मेट्रोत बसायचे आणि खापरीला उतरायचे.

ही मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. अजनी, विमानतळ अशी स्टेशने मागे पडतात, घरांची दाटी विरळ होत जाते आणि मग मोकळे रान लागते. बाभळी, पळस, मध्येच बोरीची झुडपे, कमरेएवढे गवत. त्या गवतातून काचेच्या उंच इमारती वर आलेल्या. हेच मिहान. नाव ऐकून एखाद्या परक्या मुलखाची आठवण होते. पण ती इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. विमानतळ, मालवाहतूक आणि कारखाने एकत्र आणणारा हा प्रकल्प चार हजार हेक्टरांहून अधिक जागेवर आखला गेला. संगणकाच्या कंपन्या आल्या, विमान दुरुस्तीचा कारखाना आला, एम्सचे मोठे इस्पितळ उभे राहिले. संत्र्यावर प्रक्रिया करणारा उद्योगही मार्च २०२५ मध्ये इथे सुरू झाला.

ही जागा काही आभाळातून पडली नाही. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या लोकांची ती शेते होती. जिथे आज गुळगुळीत डांबरी रस्ते आहेत तिथे धुरे होते, विहिरी होत्या, खरिपात पऱ्हाटी आणि तूर उभी असायची. मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन देणे म्हणजे काय, हे शेतकरी वाचकाला वेगळे सांगायला नको. सात-बाऱ्यावरचे नाव बदलले की माणसाची त्या मातीवरची वाट बंद होते. कुंपण पडते, फाटकावर पहारेकरी उभा राहतो.

पण एकजण असा निघाला, की ज्याला हा बदल कोणी कळवला नव्हता.

२०१९ सालचा नोव्हेंबर महिना. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. मिहानमध्ये, इन्फोसिस कंपनीच्या आवाराच्या बाजूला, कामावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाघ दिसल्याची बातमी पसरली. आधी कोणाचा विश्वास बसेना. काचेच्या इमारती, रात्रभर जळणारे दिवे, डोक्यावरून उतरणारी विमाने, अशा ठिकाणी वाघ कशाला येईल? कुत्रे असेल, फार तर बिबट्या असेल. वन विभागाने झाडांना कॅमेरे बांधले. समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारे हे कॅमेरे. फोटो आला, आणि तो पट्टेदार वाघाचाच होता.

एकच धावपळ उडाली. लोकांनी एकट्याने फिरू नये, अशा सूचना दिल्या गेल्या, गस्त सुरू झाली. पाहुण्याने मात्र बडेजाव केला नाही. इथल्या गवतात आणि नाल्याच्या झुडपांत काही दिवस काढले आणि जसा आला तसा दिसेनासा झाला. तो बोरच्या जंगलाकडून आला असावा, असे मानले गेले.

बोर म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातल्या हिंगणीजवळचे जंगल. तिथे धरण आहे, सागाचे आणि बांबूचे रान आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत ते अगदी लहानांपैकी. घर लहान आणि पोरे वाढलेली, मग थोरल्याला बाहेर पडावेच लागते. वाघाचे तसेच आहे. पिल्लू दोनेक वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते. नर असला तर त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. बापाच्या किंवा दुसऱ्या थोराड नराच्या हद्दीत राहिला तर जीव जायची पाळी येते. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ धरले होते. २०२२ च्या गणनेत ४४४. वाघ चौपट झाले, रान काही चौपट झाले नाही.

मग ही तरणी जनावरे चालू लागतात. किती चालावे? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ त्याच २०१९ साली निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता, त्यामुळे तो कुठून कुठे जातो ते कळत होते. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळे मिळून तीन हजार किलोमीटरांच्या वर चाल झाली. 'वॉकर', म्हणजे चालणारा, असे त्याचे नावच पडले. एवढी वाट काही सगळी जंगलातून नव्हती. ती होती शेतांमधून, नाल्यानाल्याने, रस्ते ओलांडत. दिवसा पिकाच्या आडोशाला पडून राहायचे आणि रात्री चालायचे. वाटेतल्या कितीतरी गावांना तो येऊन गेल्याचा पत्ताही लागला नसेल.

तेव्हा मिहानला आलेला वाघ वाट चुकला, असे म्हणण्यापेक्षा, त्याच्या वाटेवर आपण मिहान बांधले, असे म्हणणे खरे ठरेल.

आता सातासमुद्रापलीकडे चला. रशियाच्या पार पूर्वेला, जपानच्या समुद्राकाठी व्लादिवोस्तोक नावाचे बंदर आहे. हिवाळ्यात तिथले पाणी गोठते, डोंगर पांढरेशुभ्र होतात. त्या बर्फाच्या मुलखात दाट केसांचा, थोराड अंगाचा वाघ राहतो. तिथले मूळ रहिवासी उदेगे आणि नानाई लोक त्याला 'अंबा' म्हणतात आणि त्याच्या वाटेला जात नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये असाच एक तरणा वाघ थेट शहरात शिरला. त्याला पकडावे लागले. पुढे मे २०१७ मध्ये दूरच्या बिकिन राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडले. म्हणजे मिहानची गोष्ट जगावेगळी नाही. त्याच शहरात २००० सालापासून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी 'वाघाचा दिवस' पाळतात. पोरे तोंडावर पट्टे रंगवून मिरवणुकीत नाचतात.

आपल्या देशाच्या पूर्व टोकाला, गंगा समुद्राला मिळते तिथे सुंदरबन आहे. चहूकडे खारे पाणी, चिखल आणि चिखलातून वर आलेल्या मुळांचे जंगल. वाघ तिथे पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो. मधाच्या पोळ्यांसाठी लोक होड्या घेऊन रानात शिरतात. पण त्याआधी वनदेवी बोनबीबीची पूजा करतात. हिंदूही करतात, मुसलमानही करतात. तिची शिकवण साधी आहे. रानात रिकाम्या हाताने आणि निर्मळ मनाने जावे, गरजेपुरतेच घ्यावे, लोभ करू नये. वाघ पाठीमागून हल्ला करतो म्हणून १९८६ च्या सुमारास तिथल्या लोकांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचे मुखवटे बांधून पाहिले. आधी त्याचा उपयोग झाला. पण वाघही शहाणा, पुढे पुढे तो मुखवट्याला फसेनासा झाला.

आणि आपल्याकडे? सह्याद्रीतल्या महादेव कोळी, वारली बांधवांकडे वाघबारस असते. आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची वसुबारस करतो, त्याच दिवशी तिकडे वाघोबाच्या ठाण्याशी गावकरी आणि गुराखी जमतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. नैवेद्य दाखवायचा आणि मागणे मागायचे, की आमची ढोरे राख, आमची पोरे राख. एकाच दिवशी गाय पुजायची आणि गाय खाणाराही पुजायचा! वरवर पाहता हे नवल वाटते. पण ज्याला दोघांच्या शेजारी राहायचे आहे, त्याने दोघांशीही बरे ठेवावे, हा त्यातला शहाणपणा आहे. वाघाचेही या रानात ठाणे आहे, त्याच्या ठाण्यात शिरताना सांभाळून शिरावे, ही आठवण तो दिवस वर्षातून एकदा करून देतो.

जिथे सण उरला आणि वाघ गेला, असाही एक मुलूख आहे. इंडोनेशियातल्या जावा बेटावर भातशेतीची हिरवी पायरी-पायरीची शेते आणि धुमसणारे ज्वालामुखी आहेत. तिथल्या पोनोरोगो भागात 'रेओग' नावाचा नाच होतो. नाचणारा वाघासिंहाच्या तोंडाचा आणि मोरपिसांचा प्रचंड मुखवटा दातांत धरून नाचतो. त्याचे वजन पन्नास किलोपर्यंत असते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या नाचाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण ज्या वाघाचे ते तोंड, तो जावाचा वाघ १९७० च्या दशकानंतर खात्रीने कोणाला दिसला नाही. शेते वाढत गेली, रानाचे तुकडे झाले, एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला वाट उरली नाही. आता मोठे तोंड आहे, मोरपिसे आहेत, वाजंत्री आहे; फक्त वाघ नाही.

इथे एखादा वाचक म्हणेल, "नाच पाहणाऱ्यांचे ठीक आहे हो, पण जागलीला आम्हाला जावे लागते!" त्याचे म्हणणे खोटे नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या घरांपुढे वाघाचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे? शहरातला माणूस गाडीत बसून वाघ पाहतो आणि फोटो घेऊन घरी जातो. वाघाच्या वाटेवर खरा राहतो तो शेतकरी, गुराखी आणि मजूर बाई. म्हणून वाघ जगावा असे ज्याला वाटते, त्याने आधी या माणसांची काळजी घेतली पाहिजे.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे विजेची लाईन. रात्री लाईन आली की मध्यरात्री बॅटरी घेऊन ओलिताला जावे लागते, आणि तीच वाघाच्या फिरण्याची वेळ. रानालगतच्या गावांना ओलितासाठी दिवसाची लाईन मिळणे ही चैनीची मागणी नाही, जीव वाचवण्याची आहे. गावाने ती एकदिलाने मांडली पाहिजे.

दुसरी गोष्ट वाटेची. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे रस्ता वर उचलून नऊ ठिकाणी खालून जनावरांना वाट ठेवली आहे. कुठे ती पन्नास मीटर रुंद आहे, तर कुठे साडेसातशे. वर ट्रक धावतात आणि खालून वाघ, हरणे, रानडुकरे जातात. कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आले आहेत. मिहानच्या जवळच शिवमडक्याहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी अशा वाटा बांधल्या आहेत. मोठ्या रस्त्यांचे काम सरकारचे. पण आपल्या शिवारातल्या नाल्याकाठची झाडी, बांधावरचा पळस-बाभूळ ही आपल्या हातातली गोष्ट आहे. नाल्याची झाडी राहिली तर जनावर नाल्यानाल्याने मुकाट निघून जाते. ती तोडून साफ केली की ते आडोसा शोधत आपल्या पिकात, आपल्या गोठ्याकडे येते.

बाकीच्या गोष्टी घरोघरी ठाऊक असाव्यात. वाघ असल्याचे कळले तर एकट्याने रानात जाऊ नये. चार-पाच जणांनी बोलत-आवाज करत जावे. वाकून किंवा बसून काम करणारे माणूस वाघाला जनावरासारखे भासते, म्हणून कापूस वेचताना, मोहफुले गोळा करताना एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. पहाटे आणि तिन्हीसांजेला पोरांना एकटे बाहेर पाठवू नये. वाघाने ढोर मारले तर ते जागचे हलवू नये आणि दोन दिवसांच्या आत वन विभागाला कळवावे. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. मेलेल्या ढोरावर विष टाकणे आणि कुंपणात वीज सोडणे ही कामे चुकूनही करू नयेत. तो गुन्हा तर आहेच. पण त्या तारेला वाघाआधी आपलाच सालदार चिकटायचा.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे गर्दी. वाघ दिसला की शे-दोनशे माणसे काठ्या आणि मोबाईल घेऊन धावतात, त्याला चारी बाजूंनी घेरतात. जायला वाट उरली नाही की मग तो अंगावर येतो. मिहानच्या पाहुण्याला कोणी असे कोंडीत पकडले नाही. त्याच्यावर दुरून नजर ठेवली आणि वाट मोकळी ठेवली, म्हणून तो आला तसा गेला.

संध्याकाळ झाली. खापरीच्या स्टेशनवर परतायची वेळ आली. इमारतींमध्ये दिवे लागले आहेत, दिवसपाळीची पोरेपोरी पाठीला पिशव्या लावून घरी निघाली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या आजोबाचे शेत इथेच कुठेतरी असेल. मावळतीकडे, बोरच्या बाजूला, आभाळ तांबडे झाले आहे, आणि त्या दिशेने जाणारा एक नाला झुडपांतून काळसर दिसतो आहे. पुढच्या आश्विनात वसुबारसेला गाय-वासराला ओवाळाल, तेव्हा एक दिवा त्या नाल्याच्या दिशेनेही दाखवा. आमची ढोरे राख, आमची पोरे राख, असे मागणे मागा. आणि तुझी वाट आम्ही राखतो, असा शब्दही द्या.