अडकित्ता

सुपारी दातात अडकते, म्हणून ती फोडायच्या हत्याराला अडकित्ता म्हणतात, अशी लहानपणी माझी समजूत होती. मग 'कित्ता' कशाचा, हे मात्र सुटत नसे.

आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन धारवाडला आली तेव्हा तिला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. शेजारच्या अव्वा दारात येऊन काहीबाही बोलायच्या आणि ही नुसती मान हलवायची. एका दुपारी अव्वा म्हणाल्या, "अक्कार, अडकत्तरि कोड्री." आजीनं झटकन उठून पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता त्यांच्या हातात ठेवला. सासरी तिला कळलेला तो पहिला कानडी शब्द. "परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं बघ," असं ती सांगायची.

काकांचं म्हणणं निराळं. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, ते शल्य त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. "शब्द आपला, त्यांनी उचलला," हे त्यांचं ठरलेलं.

कॉलेजात असताना मी किटेलचा कोश उघडला. किटेल हा जर्मन पाद्री काही काळ धारवाडातच होता. त्याच्या नावाचं कॉलेजही इथं आहे. त्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरला बासेल मिशननं छापला. 'अडके' म्हणजे सुपारी, 'कत्तरि' म्हणजे कात्री. सुपारीची कात्री ती अडकत्तरि; मराठी तोंडात तिचा झाला अडकित्ता. त्यातली कत्तरि मूळची संस्कृत 'कर्तरी', म्हणजे आपल्या कात्रीची बहीणच. अडकेचं मल्याळी भावंड 'अडक्का' तर पोर्तुगीजांबरोबर सातासमुद्रापार गेलं आणि इंग्रजीत 'अरेका' झालं. मराठीनं सुपारीला सुपारीच म्हटलं. अडके तेवढी अडकित्त्याच्या पोटात जपून ठेवली.

काकांना हे सांगितलं, तर ते उठून बाहेर गेले. आजीला सांगताना माझीच जीभ अडखळली. तिचं माहेरचं माणूस मी परकं ठरवीत होतो. तिनं सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो इथून तिकडं गेला, अन् मी तिकडून इथं आले. फिट्टंफाट!"

मग कातरलेली सुपारी वाटीत भरून माझ्यापुढं करीत म्हणाली, "एवढी अव्वांना देऊन ये. बारीक कातरलीय म्हणावं. दात राहिले नाहीत आता त्यांचे."